दोन्ही आकडे खोडावेत

आमच्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयाची इमारत रत्नागिरी जिल्ह्यातील एका सड्यावर अगदी उघडी उभी आहे आणि जुलैत तिच्या पश्चिमेकडील खिडक्यांतून येणारी पावसाची झड संदर्भग्रंथांच्या कपाटांपर्यंत पोहोचते. दोन वर्षांपूर्वी ग्रंथपालांनी मला विचारले, की तुम्ही संख्याशास्त्र शिकवता, तर कोणत्या खिडकीवर किती तास झड येईल याचा काही अंदाज बांधता येईल का, म्हणजे कपाटे कुठे हलवायची ते एकदाचे ठरवून टाकू. प्रश्न साधा वाटला म्हणून मी होकार दिला. त्या होकारापायी पुढचे तीन आठवडे माझ्या संध्याकाळी एका अशा पद्धतीत गेल्या, जी मी वर्गात दरवर्षी वीस मिनिटांत शिकवून मोकळी होत असे.

भूगोल विभागाने गच्चीवर बसवलेल्या वातकुक्कुटाच्या दर तासाच्या ६१२ नोंदी माझ्या हाती आल्या; त्यानंतर त्याचे पाते गंजून अडकले होते. दिशांची सरासरी काढताना नेहमीची बेरीज-भागाकाराची सरासरी चालत नाही, कारण १० अंश आणि ३५० अंश या दोन्ही दिशा उत्तरेलगतच्या असूनही त्यांची तशी सरासरी १८० म्हणजे थेट दक्षिण येते. त्यामुळे प्रत्येक नोंद हे त्या दिशेला टाकलेले एकेक पाऊल मानून सर्व पावलांची सदिश बेरीज करावी लागते आणि तिला नोंदींच्या संख्येने भागावे लागते. उरलेल्या बाणाची दिशा ही सरासरी दिशा, आणि त्याची लांबी म्हणजे वारा किती एकवटलेला आहे याचे माप. ही लांबी ० आली तर वारा चहूकडून सारखा वाहतो आणि १ आली तर एकाच दिशेने. आमच्या नोंदींची सरासरी दिशा २५५ अंश, म्हणजे पश्चिम-नैऋत्य आली आणि लांबी ०.८६ आली.

दिशांसाठी सर्वाधिक वापरले जाणारे वितरण, म्हणजे कोणती दिशा किती प्रमाणात येईल हे सांगणारा वक्र, फॉन मिझेस यांच्या नावाने ओळखले जाते. रिचर्ड फॉन मिझेस यांनी ते १९१८ मध्ये मांडले तेव्हा त्यांच्यापुढे वारा नव्हता, तर मूलद्रव्यांचे अणुभार पूर्णांकांच्या किती जवळ असतात हा प्रश्न होता. या वितरणात एकवटलेपणाचा एक प्राचल असतो, त्याला कप्पा (हे ग्रीक अक्षर) म्हणतात; ०.८६ या लांबीशी जुळणारा कप्पा जवळजवळ ४ येतो. एखाद्या दिशेची घनता, म्हणजे त्या दिशेला वक्राची उंची, काढायची असेल, तर त्या दिशेचा सरासरी दिशेशी असलेला कोन घ्यायचा, त्याच्या कोसाइनमधून १ वजा करायचा, आलेल्या संख्येला ४ ने गुणायचे आणि तो गुणाकार ई या स्थिरांकाचा घातांक म्हणून वापरायचा. सरासरी दिशेला ही उंची बरोबर १ येते, काटकोनात ०.०१८३ येते आणि अगदी विरुद्ध दिशेला ०.०००३३५. वक्राखालचे एकूण क्षेत्रफळ १ होण्यासाठी या उंचीला ज्या संख्येने भागावे लागते, तिच्यात मात्र बेसेल फलन येऊन बसते, ज्याची किंमत कोष्टकात पाहावी लागते.

मला अशा दहा हजार तासांच्या दिशा हव्या होत्या, म्हणजे प्रत्येक तासाला वाऱ्याचा वेग आणि पावसाचा जोर जोडून झडीचा हिशेब करता आला असता. संगणक ० आणि १ यांच्यामधील एकसमान यादृच्छिक संख्या हव्या तितक्या देतो. त्यांचे रूपांतर हव्या त्या वितरणात करणे हे आपले काम. घातांकी वितरणासारख्या सोप्या प्रकरणात संचयी फलन, म्हणजे एखाद्या किमतीपर्यंतची एकूण संभाव्यता देणारे सूत्र, उलटे करता येते: संख्येचा लॉगरिदम घेतला, चिन्ह बदलले, सरासरीने गुणले की काम झाले. फॉन मिझेस वितरणाचे संचयी फलन असे एका ओळीच्या सूत्रात लिहिता येत नाही, मग ते उलटे करणे तर दूरच. अशा वेळी वर्गात मी जे सांगते तेच करायचे मी ठरवले: रिजेक्शन सॅम्पलिंग.

कल्पना अशी, की ० ते ३६० अंश रुंद आणि १ उंच असा एक आयत घ्यायचा आणि त्यात घनतेचा वक्र काढायचा. मग आयतात कुठेही, कोणताही पक्षपात न करता, एक ठिपका टाकायचा. त्याची आडवी जागा म्हणजे दिशा आणि उभी जागा म्हणजे उंची. ठिपका वक्राखाली पडला तर ती दिशा घ्यायची, वर पडला तर नाकारायची. वक्र जिथे उंच आहे तिथे खाली जागा जास्त, म्हणून तिथल्या दिशा जास्त वेळा टिकतात आणि टिकलेल्या दिशांचे वितरण आपोआप त्या वक्रासारखे होते. या पद्धतीत बेसेल फलनाची गरजच पडत नाही, कारण वक्राचा आकार पुरतो, त्याचे एकूण क्षेत्रफळ ठाऊक असावे लागत नाही. फळ्यावर हे इतके उघड दिसते, की विद्यार्थी प्रश्नही विचारत नाहीत, आणि मीही कधी स्वतःला विचारला नव्हता.

पहिला प्रोग्राम मी पायथनमध्ये एका बैठकीत लिहिला. तो चालायला अपेक्षेपेक्षा फार वेळ लागला आणि कोणती दिशा किती वेळा आली हे दाखवणारा जो हिस्टोग्राम (स्तंभालेख) पडद्यावर आला तो सपाट होता. सगळ्या दिशा सारख्या. बाणाची लांबी ०.०१. प्रथम मी कप्पाची किंमत तपासली, मग अंश आणि रेडियन यांचा घोळ झाला आहे का ते पाहिले, मग कोसाइनचे चिन्ह. सगळे बरोबर होते. चूक लूपच्या, म्हणजे प्रोग्रामच्या पुन्हा पुन्हा फिरणाऱ्या भागाच्या, जागेत होती. मी दिशा एकदाच निवडत होते आणि ठिपका वक्राच्या वर पडला, की फक्त उंची नव्याने काढत होते. म्हणजे निवडलेली दिशा कितीही दुर्मीळ असली, तरी केव्हा ना केव्हा पुरेशी लहान उंची येऊन ती स्वीकारली जायचीच. अगदी विरुद्ध, पूर्व-ईशान्येकडच्या एखाद्या दिशेला त्यासाठी सरासरी तीन हजारांच्या आसपास प्रयत्न लागत, पण शेवटी ती यादीत जाई. दहा हजार दिशांसाठी प्रोग्रामने साठ लाखांहून अधिक यादृच्छिक संख्या खर्च केल्या होत्या आणि त्यातून मला मिळाले होते एकसमान वितरण, जे पहिल्याच ओळीत फुकट मिळाले असते.

चूक कळल्याच्या आनंदात मी घाईने उलट दुरुस्ती केली. उंचीची ओळ लूपच्या बाहेर काढली, दिशेची आत घेतली आणि ठिपका वक्राखाली येईपर्यंत दिशा बदलत राहण्याची व्यवस्था केली. आता हिस्टोग्राम छान घंटेसारखा आला, शिखरही २५५ वर, आणि मी तो ग्रंथपालांना दाखवायलाही निघाले होते. निघण्यापूर्वी सवयीने बाणाची लांबी काढली, तर ती ०.९१ आली. नोंदींतली होती ०.८६. दहा हजार दिशांच्या नमुन्यात एवढा फरक योगायोगाने पडत नाही. ही दुसरी चूक पहिलीपेक्षा घातक होती, कारण सपाट हिस्टोग्राम पाहून कोणीही थबकेल, पण थोडासा जास्त टोकदार हिस्टोग्राम पाहून कोणी थबकत नाही. उंची ०.९ आली असेल तर वक्राखाली येणाऱ्या दिशांचा पट्टा अगदी अरुंद असतो; खऱ्या पद्धतीत अशा उंचीचे बहुतेक ठिपके नाकारले जातात आणि अंतिम नमुन्यात तिचा वाटा त्या पट्ट्याच्या रुंदीइतकाच राहतो. माझ्या लूपमध्ये मात्र प्रत्येक उंचीला, पट्टा रुंद असो वा अरुंद, एक दिशा हमखास मिळत होती. त्यामुळे शिखराजवळच्या दिशांना न मागता झुकते माप मिळाले.

दोन्ही वेळा चूक एकच होती हे मला त्या रात्री कळले नाही. ते कळले ते दुसऱ्याच एका ठिकाणी. कपाट आवरताना माझी बी.एस्सी.च्या तिसऱ्या वर्षाची प्रात्यक्षिकांची वही सापडली आणि तीत नमुना निवडीचे एक प्रात्यक्षिक होते: आठ गावे, त्यांची लोकसंख्या, आणि लोकसंख्येच्या प्रमाणात संभाव्यता ठेवून त्यांतून गावे निवडायची. यासाठी आम्हाला दोन पद्धती शिकवल्या होत्या. पहिलीत लोकसंख्येच्या चढत्या बेरजा करत जायचे आणि एक यादृच्छिक आकडा कोणत्या दोन बेरजांच्या मध्ये पडतो ते पाहायचे. दुसरी पद्धत कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेतील डी. बी. लाहिरी यांची. तीत बेरजा करायच्याच नाहीत. यादृच्छिक अंकांच्या सारणीतून १ ते ८ मधील एक आकडा काढायचा, तो गावाचा क्रमांक, आणि दुसरा आकडा १ पासून सर्वांत मोठ्या गावाच्या लोकसंख्येपर्यंतचा काढायचा. दुसरा आकडा त्या गावाच्या लोकसंख्येइतका किंवा त्याहून कमी असेल तर गाव निवडले. नाहीतर जोडी रद्द.

वहीत माझ्या गावांची सर्वांत मोठी लोकसंख्या ३,२०० होती आणि पानावर रद्द झालेल्या जोड्या लाल पेन्सिलीने खोडलेल्या होत्या. एका ठिकाणी मी गावाचा क्रमांक तसाच ठेवून फक्त दुसरा आकडा खोडला होता आणि नवा लिहिला होता. त्यावर आमच्या बाईंनी समासात लिहिले होते: 'जोडी रद्द म्हणजे दोन्ही आकडे खोडावेत.'

मी ते वाक्य वाचून वही हातात घेऊन तशीच बसले. हीच माझी पहिली चूक होती, पंचवीस वर्षांपूर्वी केलेली, तपासलेली आणि गुण कापलेली. गावांच्या जागी दिशा आणि लोकसंख्येच्या जागी घनतेची उंची ठेवली, की लाहिरींची पद्धत आणि रिजेक्शन सॅम्पलिंग यांत काही फरक उरत नाही. आणि चढत्या बेरजांची पद्धत म्हणजे संचयी फलन उलटे करणेच. लाहिरींनी आपली पद्धत १९५१ मध्ये प्रसिद्ध केली. यादृच्छिक संख्यांच्या तंत्रांवरील जॉन फॉन नॉयमन यांचा ज्या लेखाचा रिजेक्शन सॅम्पलिंगच्या संदर्भात नेहमी दाखला दिला जातो, तोही १९५१ चाच. फॉन नॉयमन यांची पार्श्वभूमी अमेरिकेतील अण्वस्त्र प्रयोगशाळेत, म्हणजे लॉस अ‍ॅलामॉसमध्ये संगणकावर न्यूट्रॉनचे मार्ग काढण्याची आणि लाहिरींची नमुना पाहणीची, जिथे हजारो गावांच्या लोकसंख्येच्या बेरजा हाताने करत बसणे हेच मोठे काम होते. आमच्या अभ्यासक्रमात हे दोन विषय दोन वेगळ्या पेपरांत आहेत आणि मी ते दोन्ही पेपर शिकवलेले आहेत, तरी त्यांच्यातले नाते मला वहीतल्या लाल रेघेने दाखवावे लागले, हे मी थोड्या संकोचानेच लिहीत आहे.

तिसऱ्या प्रोग्राममध्ये दिशा आणि उंची या दोन्ही ओळी लूपच्या आत घेतल्या. या वेळी दहा हजार दिशा मिळायला ४८,१७२ जोड्या लागल्या आणि बाणाची लांबी ०.८६ आली. स्वीकृतीचे प्रमाण २०.८ टक्के, म्हणजे दर पाचांतील जवळजवळ चार जोड्या फुकट. त्या फुकट गेलेल्या जोड्यांकडे पाहताना मात्र एक गोष्ट लक्षात आली. स्वीकृतीचे प्रमाण म्हणजे आयताच्या क्षेत्रफळातील वक्राखालचा वाटा; तेव्हा जे बेसेल फलन मी टाळले होते, त्याची किंमत या प्रमाणातच दडलेली असणार. ०.२०७६ ला ई च्या चौथ्या घाताने, म्हणजे ५४.६ ने गुणले, तर ११.३३ आले. बेसेल फलनाच्या कोष्टकात ४ साठी ११.३० आहे. नाकारलेले ठिपके मोजले नसते तर ही संख्या हाती लागली नसती. तेव्हापासून प्रोग्राममध्ये नाकारलेल्यांची मोजणी मी कधीच गाळत नाही.

एम.एस्सी.चा एक विद्यार्थी या कामात मला मदत करत होता. त्याने सुचवले, की जोडी नाकारली गेली तर आधीची स्वीकारलेली दिशाच पुन्हा लिहावी, म्हणजे दहा हजार जोड्यांत दहा हजार ओळी भरतील. गंमत अशी, की असे केले तरी हिस्टोग्राम बिघडत नाही, कारण एखाद्या दिशेनंतर किती जोड्या नाकारल्या जातील याचा त्या दिशेशी काही संबंध नसतो. पण दहा हजार ओळींत खऱ्या वेगळ्या दिशा दोन हजारांच्या आसपासच राहतात आणि त्या जोरावर काढलेली प्रत्येक त्रुटीमर्यादा खोटी अचूकता दाखवते. ते आम्ही सोडून दिले.

पाचांतील चार जोड्या वाया जाणे दहा हजार दिशांसाठी मुळीच अडचणीचे नव्हते. संगणकाला त्यासाठी डोळ्याची पापणी लवण्याइतकाही वेळ लागला नाही. पण जुलैतील जोराच्या वाऱ्याचे दिवस वेगळे काढले तेव्हा त्यांचा कप्पा १० निघाला आणि स्वीकृतीचे प्रमाण १२.८ टक्क्यांवर आले. वक्र जितका टोकदार, तितका आयताचा रिकामा भाग मोठा. तेव्हा आयताऐवजी वक्राला अधिक जवळून झाकणारे दुसरे झाकण शोधायला हवे, हे पुस्तकी वाक्य मी आचरणात आणायला गेले आणि तिसरी चूक केली.

मी झाकण म्हणून प्रसामान्य वितरणाचा घंटेसारखा वक्र घेतला. कप्पा ४ असताना फॉन मिझेस वक्र ०.५ रेडियन, म्हणजे सुमारे २८.६ अंश प्रमाण विचलनाच्या प्रसामान्य वक्रासारखा दिसतो, हे मला ठाऊक होते. दोन्ही वक्रांची शिखरे १ या उंचीला जुळवली, प्रसामान्य वितरणातून दिशा काढल्या आणि दोन उंचींच्या गुणोत्तराशी यादृच्छिक संख्येची तुलना केली. स्वीकृतीचे प्रमाण शंभर टक्के आले. एकही जोडी नाकारली गेली नाही, आणि क्षणभर मला वाटले की मी काहीतरी फारच सुंदर शोधून काढले आहे.

शंभर टक्के स्वीकृती ही खरे तर धोक्याची घंटा होती. ज्याला झाकण म्हणायचे तो वक्र खालच्या वक्राच्या वर कुठेही नव्हता. शिखर सोडले तर सगळीकडे तो खाली होता. सरासरी दिशेपासून ९० अंशांवर फॉन मिझेस वक्राची उंची प्रसामान्य वक्राच्या अडीचपट असते आणि विरुद्ध दिशेला तर सव्वा लाख पट. गुणोत्तर १ पेक्षा मोठे असल्याने प्रत्येक तुलना यशस्वी होत होती, प्रोग्राम कोणतीही तक्रार करत नव्हता आणि मला मिळत होता निव्वळ प्रसामान्य नमुना. सरासरी दिशेपासून ९० अंशांहून दूरच्या दिशा दहा हजारांत सुमारे ७६ यायला हव्या होत्या. माझ्या यादीत १९ होत्या. पूर्वेकडून येणारी झड क्वचित असते, पण ग्रंथालयाच्या मागच्या बाजूला ज्या खिडकीला दारच नीट लागत नाही, तिच्यासाठी तेवढीच महत्त्वाची असते. त्या दिवसापासून गुणोत्तर १ च्या वर गेले की प्रोग्राम तिथेच थांबेल अशी एक ओळ मी लूपमध्ये घातली आहे.

नियम म्हणून सांगायचे तर झाकणाची शेपटी, म्हणजे शिखरापासून दूरचा भाग, मूळ वक्राच्या शेपटीपेक्षा जाड असावी लागते. प्रसामान्य वितरणाचे नमुने जाड शेपटीच्या कॉशी वितरणाच्या झाकणाखाली काढता येतात आणि दर तीन जोड्यांतील जवळजवळ दोन टिकतात. उलटा प्रयोग, म्हणजे कॉशीसाठी प्रसामान्य झाकण, कोणत्याही पटीने उंच केले तरी जमत नाही. दिशांसाठी हेच तत्त्व बेस्ट आणि फिशर या संख्याशास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये वापरले: कॉशी वितरण वर्तुळाभोवती गुंडाळून त्याचे झाकण केले. त्यात कप्पा कितीही वाढवला तरी स्वीकृतीचे प्रमाण ६६ टक्क्यांच्या आसपास स्थिरावते. हे सूत्र मी कागदावर पडताळून पाहायला दोन संध्याकाळी घालवल्या, तेव्हा कुठे ते प्रोग्राममध्ये उतरवले. दूरच्या दिशा या वेळी ७९ आल्या.

झडीचा हिशेब त्यानंतर चार दिवसांत झाला आणि ग्रंथपालांनी पश्चिमेकडची तीन व मागच्या खिडकीजवळचे एक अशी चार कपाटे हलवली. अहवाल देऊन झाल्यावर त्याच विद्यार्थ्याने मला अगदी अदबीने सांगितले, की मॅडम, पायथनच्या रँडम मॉड्यूलमध्ये फॉन मिझेस वितरणाचे तयार फलन आहे. तीन आठवडे तो हे का बोलला नाही हे मी विचारले नाही. आम्ही दोघांनी मिळून त्या फलनाचा मूळ कोड उघडून पाहिला. जेमतेम काही ओळींचा आहे: कप्पावरून एक स्थिरांक काढलेला, आणि त्याखाली जोडी स्वीकारली जाईपर्यंत फिरत राहणारा एक लूप. पहिली यादृच्छिक संख्या लूपच्या आत काढलेली होती, आणि दुसरीही.